गोणपाटाखालचे तीन हिवाळे

अक्काच्या मते, भाऊला कुणी ‘जेवलास का?’ विचारलं तर तो आधी वही उघडून बघायचा. नर्सरीतल्या एकूण एक रोपाचं जन्म-मरण त्या वहीत होतं. वहिनी गेल्यावर भावाचं घर सांभाळायला येऊन अक्काला चार वर्षं झाली, पण आपली नोंद कुठल्या पानावर आहे हे तिला अजून सापडलं नव्हतं.

वहीतलं सगळ्यात लाडकं पान बारा रोपांचं. वहिनीने दोन जातींचं मीलन ब्रशाने घडवून हे नवं फूल जमवलं होतं: वीतभर उंची, निळसर जांभळे गुच्छ, मधे पिवळा ठिपका. एकदा लावलं की त्या डोंगरगावच्या गोठवणाऱ्या थंडीतही वर्षानुवर्षं आपलं आपण उगवणारं. वाफ्याच्या कडेला म्हणा, दगडांच्या फटीत म्हणा. निदान भाऊचा दावा तसा होता. वहिनीच्या मागे त्याने एका गड्ड्याची बारा रोपं करून मागच्या दारी उघड्यावर लावली. दहा जगली. कोपऱ्यातली दोन पहिल्याच हिवाळ्यात गेली. भाऊने लिहिलं, ‘पाणी साचलं.’

आज रोपविक्री कंपनीचा कॅटलॉगवाला आला होता. त्याने छापलं की फूल हजार बागांत जाणार, तेही वहिनीच्या नावाने. भाऊला आयुष्यात आता एवढंच हवं होतं. अक्का चहा ओतत होती आणि पाहुणा भाऊने भरलेला फॉर्म वाचत होता.

“‘तीन हिवाळे, कसलंही आच्छादन न घालता टिकलं.’ बरोबर ना?”

“कसलंही! वाळकं पानसुद्धा टाकलेलं नाही,” भाऊ म्हणाला. “लाडावलेली नाहीत ती. आमच्या अक्कासारखी चिवट आहेत.”

अक्काने किटली खाली ठेवली.

तिन्ही हिवाळे, संध्याकाळी भाऊ तापमान लिहायला बसला की ती मागच्या दाराने जाऊन वाफ्यावर गोणपाट पसरायची आणि पहाटे तो उठायच्या आत काढून ठेवायची. वहिनीची लेकरं ती. कुडकुडणाऱ्या पोरावर पांघरूण घालायला का कुणाची परवानगी काढायची? गोणपाट दहांनाच पुरायचं. कोपऱ्यातली दोन उघडी राहिली.

पाणी कसलं साचतंय!

गप्प बसलं तर? हजार बागांत वहिनीचं नाव. आणि पुढच्या हिवाळ्यानंतर हजार बागांत त्याच नावाच्या पाट्या, खाली काळी पडलेली रोपं.

भाऊने सही करायला पेनाचं टोपण काढलं.

“थांब रे.”

“अक्का, साखर नंतर बघू.”

“साखरेचं नाही. मी झाकत होते.”

“काय झाकत होतीस?”

“रोपं. गोणपाटाने. तिन्ही हिवाळे. ती दोन मेली ना, तिथवर गोणपाट पोचत नव्हतं.”

कॅटलॉगवाला खिडकीबाहेर बघू लागला. बाहेर खताच्या पोत्यांखेरीज बघण्यासारखं काही नव्हतं. भाऊने ते पान काढलं, ‘पाणी साचलं’वर रेघ मारली आणि खाली एकच शब्द लिहिला: ‘अक्का.’ वहीतली तिची ही पहिली नोंद. त्यापेक्षा तो ओरडला असता तर बरं झालं असतं.

“हा हिवाळा रोपं खरोखर उघडी राहू द्या,” पाहुणा उठत म्हणाला. “किती उरतात ते कळवा, मग बघू.”

भाऊने गोणपाट कोठीत टाकलं, कुलूप लावलं आणि किल्ली खिशात घातली. आठ दिवस तो कामापुरतंच बोलला.

पहिल्या कडाक्याच्या थंडीच्या संध्याकाळी पारा शून्याच्या बराच खाली गेला. अक्का हात मांडीखाली दाबून स्वयंपाकघरात बसली होती. मागचं दार करकरलं. जाऊन बघते तो भाऊ वाफ्याशी उभा, बगलेत गोणपाट.

“किल्ली माझ्याकडे द्यायची होतीस,” अक्का म्हणाली. “मी बरी म्हणायची!”

“एकावर घालतो. एकाच. नऊ राहू देत उघडी.”

“आण ते इकडे.”

“अक्का, एकही उरलं नाही तर? तिचं दुसरं काय आहे माझ्याकडे?”

तिने गोणपाटाची दोन टोकं धरली. थोड्या वेळाने भाऊने उरलेली दोन धरली. चादरीची घडी घालतात तशी दोघांनी त्याची घडी घातली, आणि प्रत्येक घडीला एकेक पाऊल जवळ आली.

“जा, लिही,” अक्का म्हणाली. “आज झाकली नाहीत.”

“लिहितो,” भाऊ म्हणाला, आणि रोपांकडे बघत तिथेच उभा राहिला.