आधी कडं, मग डोकं

“आधी कडं, मग डोकं. आणि हात चालू असताना तोंड बंद.”

मामंजींना जाऊन बरीच वर्षं झाली, पण त्यांचं हे सांगणं आमच्या कामाच्या खोलीत अजून ऐकू येतं. गोल्फची काठी जोडताना दांड्याच्या निमुळत्या टोकावर आधी एक काळं कडं सरकवायचं, मग गोंद लावून लोखंडी डोकं बसवायचं. कडं दिसायला अंगठीएवढं, पण सांधा झाकतं ते तेच. विसरलं की विसरलं. दांडा वर जाड होत जातो, त्यामुळे ते मुठीकडून घालता येत नाही. आमच्या ह्यांनी मामंजींच्या सूचनेचा पहिला अर्धा भाग एक सकाळ सोडली तर जन्मभर पाळला. दुसऱ्याशी त्यांचं कधी जमलंच नाही.

रोज सकाळी तासभर मी बोलत नाही. माझा नेम आहे. मनात देवाचं नाव चालू ठेवून मी खोली झाडते, रबरी मुठी पुसून मांडते. ह्यांची मात्र समजूत अशी, की तो तास देवाने त्यांच्यासाठीच राखून ठेवला आहे. मधे न बोलणारं माणूस दुसरं कुठे मिळणार?

त्या सकाळी विषय होता वन्संच्या काठीचा. वन्सं म्हणजे ह्यांची थोरली बहीण. लहान होत्या तेव्हापासून खेळतात, पण अलीकडे मैदानावर दिसेनाशा झाल्या होत्या. का, ते मला ठाऊक होतं. जिन्यात उभं राहून त्यांनी मला सांगितलं होतं, “बोटं आखडतात गं. ही नवी काठी हातात बसली तर खेळेन, नाहीतर काठ्यांची सगळी पिशवी कुणाला तरी देऊन मोकळी होईन. त्याला मात्र बोलू नकोस, तो औषधं सुचवत बसेल.” नाही बोलणार, असा मी शब्द दिला होता. ह्यांना त्यांनी एवढंच कळवलं होतं की सात नंबरची काठी नवी हवी, जरा हलकी.

“हलकी म्हणे,” हे स्टीलच्या दांड्याचं टोक पॉलिश पेपरने घासत म्हणाले. “म्हणजे ग्रॅफाइट. बाबांनी घरच्या माणसाला कधी स्टीलशिवाय काही दिलं नाही. ताईला आत्ताच कुठून नखरे सुचले?” गोंदाचे दोन्ही भाग त्यांनी एकत्र कालवले. कालवताना बाबा झाले, स्टील झालं, शेजारच्या शिंप्याचा जावईसुद्धा झाला.

कडं बशीशेजारी पडलं होतं. मी बोट दाखवलं.

“हो, दिसला चहा. गार झाला तरी पितो मी.”

मी पुन्हा दाखवलं.

“बिस्कीट नको.”

आणि डोकं बसलंसुद्धा.

माझा तास संपेपर्यंत गोंदाने चांगलंच धरलं होतं. “अहो,” मी म्हटलं, “कडं राहिलं.”

ह्यांनी काठीकडे पाहिलं, बशीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. “जरा आधी बोलायचं.”

“बोलतच होते. बोटाने.”

“एक दिवस नेम मोडला असता तर देव रागावला असता का?”

“देव नसता रागावला. पण तुम्ही रोज मोडायला लावला असता.”

दुपारी वन्सं आल्या. उघडा सांधा बघून हसू लपवण्याच्या फंदातही पडल्या नाहीत. “बाबांचा पट्टशिष्य. मफलर न घालताच पाठवलंस रे हिला?”

“तू आधी बस, ताई. गरम करून काढतो डोकं, कडं घालतो, परत लावतो.”

“उघडायचंच आहे,” मी चहा ठेवत म्हटलं, “तर दांडाही बदलून टाका. तो ग्रॅफाइटचा कोपऱ्यात उभाच आहे.”

“स्टीलमध्ये काय वाईट आहे? चेंडू लागला की हाताला कळतं तरी.”

वन्संनी कप उचलला. कान सोडून दोन्ही तळव्यांत धरून, लहान मूल धरतं तसा. ह्यांचं बोलणं मधेच थांबलं. आमच्या घरात ही गोष्ट सहसा होत नाही.

“दुखतात?”

“थंडी आहे.”

“थंडी कधीच गेली, ताई.”

वन्संनी कप खाली ठेवला. “हाताला कळतं म्हणालास ना? फारच कळतं रे. कोपरापर्यंत.”

हे उठले. “मग असं कर, मूठ जरा खाली धर, खांदा सैल सोड, आणि मी तुला एक तेल...”

“बघ,” वन्सं माझ्याकडे वळून म्हणाल्या, “म्हणून सांगत नव्हते.” मग ह्यांच्याकडे. “रविवारी पिशवी घेऊन माझ्याबरोबर ये. मला आता खेळता येईल की नाही, ते मला माझ्या हातांकडून ऐकायचंय, तुझ्याकडून नाही. परत येईपर्यंत एक शब्द काढायचा नाही. कबूल?”

“कबूल,” हे म्हणाले. पुढचं वाक्य त्यांच्या ओठांवर आलेलं मला दिसलं, पण ते त्यांनी गिळलं.

मग त्यांनी सांध्याला गरम हवा दिली, डोकं फिरवून काढलं, आतला जळका गोंद खरवडला. ग्रॅफाइटच्या दांड्यावर सगळ्यात आधी कडं चढवलं आणि मला दाखवलं. मी मान डोलावली. हलक्या दांड्यामुळे डोकं हाताला फार हलकं वाटू नये म्हणून मागे शिशाची पट्टी चिकटवली. गोंद रात्रभर वाळू दिला. दुसऱ्या दिवशी मुठीच्या जागी नेहमीपेक्षा जास्त टेप गुंडाळली, रबर सहज सरकावं म्हणून स्पिरिट ओतलं आणि जाड मूठ एका दमात दांड्यावर चढवली. जाड मुठीला बोटं फार आवळावी लागत नाहीत.

शनिवारी वन्सं आपली पिशवी आमच्याकडे ठेवायला आल्या, तेव्हा त्यांनी ती काठी नुसती हातात धरून पाहिली. कितीतरी वेळ खाली ठेवली नाही.

रात्री ताट वाढून घेताना ह्यांनी विचारलं, “अगं, तू तासभर गप्प राहतेस ते कसं?”

“मनातल्या मनात देवाशी बोलते.”

“मला जमेल?”

“तुम्हाला जमेल. देवाचं कसं होईल ते सांगता येत नाही.”

रविवारी उजाडताना माझा तास सुरू झाला होता. पिशवी खांद्यावर घेऊन हे दारात उभे राहिले. काठीचं कडं अंगठ्याने एकदा चाचपलं. माझ्याकडे वळून काहीतरी सांगायला तोंड उघडलं, मग मिटलं. मी बोटाने रस्ता दाखवला. या वेळी त्यांना बरोबर समजलं. फाटक हळूच लावून ते बहिणीच्या घराकडे निघाले.