सतरावा प्रश्न

पुढे काय करावे, हा प्रश्न दुसऱ्याला पडला की आपणा सर्वांजवळ उत्तर तयार असते; स्वतःला पडला म्हणजे मात्र विचारायला माणूस सापडत नाही. या कथेतील गृहस्थांचे तर सारे आयुष्यच हा प्रश्न सोडवण्यात गेले होते. एका शाळेत ते व्यवसाय-सल्लागार होते. सोळा वर्षांच्या मुलांकडून साठ प्रश्नांची पत्रिका भरून घ्यायची, 'हो' आणि 'नाही' या चौकटींतल्या खुणा मोजायच्या, आणि मुलाचा कल एका ओळीत लिहून द्यायचा, हा क्रम सत्तावीस वर्षे चालला. मुले त्यांना पाठीमागे 'तराजूसर' म्हणत. सरांना ते ठाऊक होते, आणि मनातून आवडतही असे.

आता ते काम संगणक करणार होता. शाळा चालवणाऱ्या संस्थेने त्रेपन्न वर्षांच्या सरांपुढे दोन वाटा ठेवल्या होत्या: मुदतीआधी निवृत्ती, किंवा एका वर्षासाठी संस्थेच्याच रुग्णालयात नेमणूक. अपघाताने ज्यांचा जुना धंदा सुटला, अशा माणसांजवळ बसायचे आणि त्यांना जमेल असे नवे काम शोधायला मदत करायची. उत्तर आज चार वाजेपर्यंत द्यायचे होते.

विचारावे कोणाला? पत्नी जाऊन चार वर्षे झाली होती. घरी जेवणाच्या टेबलाशी दोन खुर्च्या होत्या. दुसरीवर वर्तमानपत्रांची चळत बसत असे. मुलगा रविवारी फोन करी. "तब्येत?" "ठीक." "काही लागलं तर सांगा हं, बाबा." काय लागते ते आठवेपर्यंत फोन ठेवलेला असे.

अखेर सरांनी स्वतःच पत्रिका भरली. सोमवारी कल निघाला शिक्षकाचा, मंगळवारी ग्रंथपालाचा. आज शाळेतल्या आपल्या खोलीत तिसऱ्यांदा भरताना ते सतराव्या प्रश्नाशी अडले: 'अनोळखी माणसांच्या सहवासात तुमचा वेळ चांगला जातो काय?' पेन्सिल 'हो'वर गेली, परतली. 'नाही'वर गेली, परतली. चार वर्षांत अनोळखीच काय, ओळखीच्या माणसांजवळ तरी ते कुठे बसले होते?

तेवढ्यात हत्यारांची पेटी घेऊन एक बाई आत आली. "कपाटाचं दार अडकतंय म्हणे." तिने दार उतरवले, आडवे ठेवले आणि रंधा चालवू लागली. मग मान वर न करता म्हणाली, "ओळखलं नाहीत ना, सर? 'कारकुनी कामास सर्वथा योग्य.' अजून पाठ आहे मला."

सर चपापले. "अगं, मग हातात हा रंधा कसा?"

"तीन वर्षं खुर्ची झिजवली. एक दिवस कचेरीतल्या टेबलाचा पाय मोडला. जेवणाच्या सुट्टीत मीच तो बसवला. दिवसभरात तेवढंच काम मनासारखं झालं! दुसऱ्या दिवशी सगळ्यांनी घरच्या मोडक्या खुर्च्या आणल्या. अर्थात फुकट! मग कारकुनी सोडली आणि सुतारकामच शिकले."

सरांतला वादपटू जागा झाला. "म्हणजे चाचणी चुकली, असंच ना? कल आणि काम यांची सांगड हवी, हा सिद्धान्त आहे. तो सोडला, तर जो तो टेबलाचा पाय मोडायची वाट पाहत बसेल."

"वाट कुठं पाहिली? मोडल्यावर हात घातला. आणि सिद्धान्त असेल खरा. पण सोळाव्या वर्षी मी घर आणि शाळा सोडून पाहिलंच काय होतं? सतराव्या प्रश्नाला मी 'माहीत नाही' लिहिलं होतं. तुम्ही कागद परत फेकलात. म्हणालात, 'चौकट सोडून लिहायचं नाही!' घाबरून 'नाही'वर खूण केली."

सरांचा हात नकळत समोरच्या कागदावर गेला. तिने कागद पाहिला. "अय्या, तुमचाही सतराच अडलाय की!" ती हसली, सरांचा चेहरा पाहून थांबली.

तिने दार बसवले. सर म्हणाले, "फट राहिली."

"ठेवलीय. लाकूड तोडलेलं असलं, तरी हवेप्रमाणं फुगतं, आक्रसतं. दार गच्च बसवील तो सुतार कच्चा. माणूस तर जिवंत आहे, सर. त्याच्या कागदात एवढीशी फट नको?"

सत्तावीस वर्षे! एवढ्या वर्षांत किती मुलांचे प्रामाणिक 'माहीत नाही' त्यांनी परत फेकले असेल!

"रुग्णालयातलं काम घेऊ की नको, ते आज सांगायचंय," सर हळूच म्हणाले. "आणि मला ते जमलं नाही तर?" चार वर्षांत त्यांनी दुसऱ्या माणसाला विचारलेला हा पहिला खरा प्रश्न होता.

"तर जमत नाही, एवढं कळेल. तेवढंसुद्धा घरी बसून कळायचं नाही." तिने पेटी उचलली. "माझं दुकान रुग्णालयाच्या मागच्या फाटकासमोरच आहे. दोन स्टुलं आहेत. एक रिकामंच असतं."

पावणेचार वाजले होते. सरांनी पट्टी घेतली, सतराव्या प्रश्नापुढे तिसरी चौकट आखली, तिच्यात लिहिले, 'अजून माहीत नाही. करून पाहीन', आणि खूण केली. तोच कागद घेऊन ते जिना उतरले आणि संस्थेच्या कार्यालयात जाऊन नेमणूक स्वीकारून आले.

सुज्ञ जनहो, कल पाहावा, मोजमाप करावे, जाणत्यांना विचारावे. शास्त्र टाकून द्या, असे कोण म्हणतो? परंतु जे जगल्यावाचून कळत नाही, त्याचे उत्तर आधी मागणे हा शास्त्राचा नव्हे, आपल्या अधीरतेचा दोष आहे. आपल्या घरातले कोणी, मग ते सोळा वर्षांचे असो की त्रेपन्न वर्षांचे, 'माहीत नाही' म्हणाले, तर त्याचा कागद परत फेकू नये. त्याच्याजवळ एक स्टूल ओढून बसावे.