सत्यचक्राला ग्रीस

"फिरलं! फिरलं वो माय!" असा गलका उठला आणि पळसटोल्याच्या मंडपातली माणसं एकमेकांच्या पायांवर पाय देत पुढे सरकली. लेकरं बापांच्या खांद्यावर चढली. कुणी नारळ फोडला, कुणी तिथंच लोटांगण घातलं.

फिरत काय होतं? जात्याची तळी! जी ओढता ओढता गावातल्या सासवांचे दंड भरून यायचे, तीच वरची जाडजूड दगडी तळी. चौथऱ्यावर ठेवलेली, शेंदूर फासलेली, मध्यभागी झेंडूचे हार. शेजारच्या गादीवर चक्रानंद महाराज. त्यांनी धानाची एक लोंबी तळीच्या कडेला लावली की तळी आधी हळूच हलायची, मग गरगर फिरायची आणि फिरतच राहायची.

"ना मोटर, ना बिजली, ना बेल्ट, ना बटन!" महाराज गरजले. "ये है माता का सत्यचक्र! सच्च्याले फिरते, झूठ्याले थांबते! पहिले मी माझंच सत्य पाहतो, मंग तुमचं. बोलो, इतना इमानदार महाराज कहीं देखा?"

"नाही देखा!" मंडप ओरडला. दर मंगळवारी ओरडायचा.

मागे खांबाला टेकून चंदा उभी होती. तिनं हात जोडले नव्हते. ती या गावची लेक, कुंदाबाईची एकुलती एक. गोंदियाजवळ वैमानिक घडवणारी एक शाळा आहे, तिथल्या हँगरमध्ये ती विमानांची देखभाल करते. चाकं उतरवायची, त्यांची बेअरिंगं धुवायची, तपासायची, ग्रीस भरून परत बसवायची, हे तिचं रोजचं काम. त्यामुळे सगळे तळीकडे बघत होते आणि चंदा ऐकत होती. ढोलकी थांबली की तळीखालून बारीक आवाज येई. खर्र, खर्र, खर्र. दगडावर दगड घासतो तेव्हा असा आवाज येत नाही.

'बेअरिंग,' ती मनात म्हणाली. 'आणि तेही कोरडं.'

पण आज ती आवाज ऐकायला आली नव्हती. आज तिच्या आईचा निवाडा होता.

झालं होतं असं. दिवाळीआधी गावच्या तलावातले मासे मरून पांढरी पोटं वर करून तरंगायला लागले. तलाव समितीचे पुढारी दुधरामकाका महाराजांकडे धावले. महाराजांनी डोळे मिटले आणि सांगितलं, "तलावाच्या पाळीजवळ एक बाई अकेली राहते. तिची नजर." पाळीजवळ, म्हणजे तलावाच्या बांधाजवळ, एकटी कोण राहत होती? विधवा कुंदाबाई. झालं. त्या दिवसापासून ती टोनही. नजरेनं जीव घेणाऱ्या बाईला आमच्याकडे छत्तीसगडी वळणानं टोनही म्हणतात आणि एकदा हा शब्द चिकटला की तो नखानं खरवडूनही निघत नाही. तिच्या धानाच्या कापणीला एक मजूर आला नाही. विहिरीवर ती आली की बायका बादल्या उचलून निघून जात.

"कुंदाबाई, समोर ये!" महाराजांनी हाक मारली.

ती आली. ताठ मानेनं आली. महाराजांनी लोंबी लावली, मांडी बदलून बसले, आणि जेमतेम हललेली तळी खट् करून थांबली.

"थांबलं!" सगळ्यांचे हात कानांवर गेले.

दुधरामकाका उठले. "पुढच्या मंगळवारी आखरी फैसला. त्या दिवशीही चक्र थांबलं तं कुंदाबाईनं गाव सोडावं. गावाच्या भल्याची गोष्ट आहे, बापा."

चंदाला वाटलं, आत्ताच त्या दाढीला धरून ओढावं.

घरी आल्यावर ती म्हणाली, "आई, चल माझ्यासंगं गोंदियाले. आग लागो या गावाले."

"मी काऊन जाऊ?" कुंदाबाई चुलीपुढून उठलीच नाही. "माझ्या सासऱ्याच्या आज्यानं या तलावाची पाळ बांधली. डोक्यावर माती वाहून बांधली. त्या पाळीचं पाणी पिऊन हा दुधराम मोठा झाला, आणि मी गाव सोडू? नाही वो. मेली तं इथंच मरीन."

"मंग नको सोडू." चंदानं चपला काढल्या आणि ती आईशेजारी बसली. "पण मी त्याले सोडणार नाही. असा तोडीन, का पुन्हा कोण्या गावात तोंड दाखवणार नाही."

"पोलिसांत जा."

"जाईन ना. जादूटोण्याच्या कायद्यात बसते हे सगळं. पण पोलीस नेतीन आणि लोक म्हणतीन, देवमाणूस होता बिचारा. मले त्याचा देवच मारायचा आहे, आई. त्याच्याच हातानं."

मंडपाची झाडलोट गावातल्या बाया पाळीपाळीनं करायच्या. पुढच्या मंगळवारी पाळी होती मंजूची. मंजू चंदाची शाळेपासूनची मैत्रीण. कुंदाबाईशी लपूनछपून का होईना, पण बोलणारी एकटीच. त्या दिवशी दुपारी महाराज दुधरामकाकांच्या घरी भात आणि वाटाणा-बटाटा चापून घोरायला लागले, आणि इकडे मंडपात दोघी जणी.

"पाप लागेल वो चंदे," मंजू एक पाऊल मागे सरकली. "चक्राले हात लावला तं हात झडते म्हणतात."

"माझा झडला तर तू सोडून दे. धर ती बाजू."

चंदानं झेंडूचे हार बाजूला सारले. खाली नट! देवाच्या डोक्यावर चक्क नट! तिनं पिशवीतून पाना काढून तो सोडवला आणि दोघींनी मिळून तळी उचलून बाजूला ठेवली. खाली लोखंडी आस, आणि तिच्यावर गाडीच्या चाकात असतात तशी दोन बेअरिंगं, तिरप्या लोखंडी रुळांची. बाजूला सायकलचा ब्रेक, त्याची तार चौथऱ्यातून थेट महाराजांच्या गादीखाली गेलेली.

मंजूनं आपल्या हाताकडे पाहिलं. हात जागेवर होता. मग तिनं त्या तारेकडे पाहिलं आणि तिच्या तोंडून एक कचकचीत शिवी निघाली. ती इथं लिहिण्यासारखी नाही.

चंदानं बेअरिंग उजेडात धरलं. रुळांवर गंजाचे बारीक खड्डे. असं बेअरिंग विमानाला चालत नाही, खड्डा दिसला की ते बाद. आणि बाहेरच्या कड्यावर लाल रंगाचा पट्टा. तिच्या हँगरमध्ये बाद झालेल्या बेअरिंगाला असाच पट्टा ओढतात. ही तर त्यांचीच! बाद बेअरिंगं तोडून मगच भंगारात द्यायचा नियम, पण कुणीतरी आळस केला आणि ती अख्खीच बाहेर गेली. भंगार न्यायला कोण यायचं? रिकामी पिंपं गाडीत चढवणारा, सारखा पान चघळणारा, भंगारवाल्याचा माणूस. मनिराम! त्याला दाढी चिकटवा, भगवं नेसवा, झाला चक्रानंद!

"थांब लेका," चंदा दात ओठ खात म्हणाली.

"फेकून देऊ तलावात?" मंजूनं विचारलं.

"फेकायचं काऊन? मी फेकायचा पगार घेत नाही. याची देखभाल करू."

मंजूनं कपाळाला हात लावला. "देखभाल?"

"हे इतकं फिरते कायले, माहीत आहे? याच्या पोटात ग्रीस नाही. शिलाई मशीनचं तेल टाकलं आहे दोन थेंब. ग्रीस भरलं का बेअरिंग जड फिरते, पण टिकते. हलकं फिरते ते लवकर मरते. लोकाले वाटते जे गरगर फिरते ते चांगलं."

तिनं दोन्ही बेअरिंगं केरोसीनमध्ये धुतली, स्वच्छ फडक्यानं कोरडी केली. मग तळहातावर हँगरमधल्या घट्ट ग्रीसचा गोळा घेतला आणि बेअरिंगाची जाड बाजू त्यावर दाबत गेली, दाबत गेली, पलीकडच्या बारीक बाजूनं ताजं ग्रीस डोकावेपर्यंत. विमानासाठी करते तसंच, मन लावून. शेवटी नट आवळताना मात्र तिनं नियम मोडला आणि दोन आटे जास्त आवळले. तेवढा सूड तिनं स्वतःसाठी ठेवला. वरून झेंडू जसेच्या तसे.

संध्याकाळी मंडप फुटायच्या बेताला आला. फैसल्याचा दिवस. बाजूच्या टोल्यांतूनही, वाड्यावस्त्यांतूनही माणसं आलेली. कुंदाबाई समोर उभी, आणि आज तिच्या शेजारी उघड्या डोक्यानं चंदा.

"ना मोटर, ना बिजली!" महाराजांनी सुरू केलं. "पहिले माझं सत्य!"

लोंबी लावली. तळी ढिम्म.

महाराज हसले. पुन्हा लावली, जरा जोरात. लोंबी मोडली, दाणे सांडले, तळी ढिम्म. मग त्यांनी लाजत लाजत बोट लावलं. मग हात. तळी अर्धा फेरा कण्हत गेली आणि थांबली. ऐन थंडीत महाराजांच्या कपाळावर घाम फुटला.

"माता नाराज आहे!" ते किंचाळले. "टोनही मंडपात आहे! तिले बाहेर काढा!"

"जा आई, बाहेर उभी राहा," चंदा शांतपणे म्हणाली.

कुंदाबाई मंडपाबाहेर, पार तलावाच्या पाळीवर जाऊन उभी राहिली. महाराजांनी दोन्ही हातांनी जोर लावला. पुन्हा अर्धा फेरा.

"दुधरामकाका," चंदा म्हणाली, "सच्च्याले फिरते, झूठ्याले थांबते. हे कोण सांगत होतं गा इतके दिवस?"

दुधरामकाकांनी महाराजांकडे पाहिलं. मागून एका म्हातारीचा आवाज आला, "महाराज सांगत होते ना वो."

"मंग आज कोणाले थांबलं?"

नजरा वळल्या, एकेक करून, गादीकडे.

"आता कारण दाखवते," चंदा म्हणाली. तिनं पाना काढला, हार ओरबाडून फेकले, नट सोडवला. मंजूनं तळी उचलायला हात लावला तेव्हा आणखी चार बाया न सांगता पुढे आल्या. तळीखालचं लोखंड उघडं पडलं, ग्रीसनं माखलेलं.

"हे बेअरिंग. विमानाच्या चाकातलं, बाद झालेलं. या लाल पट्ट्याचा अर्थ, हे भंगार आहे. दुपारी मी याच्यात ग्रीस भरलं आणि नट आवळला, तं तुमच्या मातेची शक्ती गेली. कुंदाबाईच्या निवाड्याले जे खट् झालं, ते हे. काका, बसा त्या गादीवर. गुडघा दाबा. आणखी दाबा."

दुधरामकाकांनी दाबला. सायकलचा ब्रेक खट् करून आवळला. तो आवाज सगळ्यांच्या ओळखीचा होता.

महाराज उठून मागच्या कनातीकडे सरकायला लागले.

"मनिराम!" चंदाचा आवाज कडाडला. "कुठं चाललास? पिंपं राहिली ना हँगरची उचलायची!"

खरं नाव ऐकताच तो गडी असा चपापला की कुणाला शंकाच उरली नाही. बायांनी त्याला कनातीपाशीच गाठलं. कुणी दाढी धरली, कुणी माळा. ती दाढी मात्र खरी निघाली, त्यामुळे त्याला जास्त लागलं. चंदानं सोडवलं नाही. तिनं निवांत हात पुसले, तिनं दुपारीच बोलावलेली पोलिसांची गाडी सडकेवरून वळताना दिसली तेव्हाच म्हणाली, "बस्स. बाकीचं कायदा करेल."

मग ती लोकांकडे वळली. "आणि मासे? दिवाळीआधी धानावर औषध फवारलं, त्याच रात्री पाऊस आला. बांध्यांमधलं, धानाच्या वावरांतलं पाणी कुठं गेलं? तलावात. नजर नव्हती, जहर होतं, आपलंच. हे एकानं तरी विचारलं असतं तं?"

दुधरामकाका पाळीवर गेले, कुंदाबाईपुढे हात जोडून उभे राहिले. "चुकलो बाई. माफ कर."

"माफी एवढी स्वस्त नाही गा दुधराम," कुंदाबाई म्हणाली. "ये मंडपात."

तिनं ती तळी शेंदूर जाईपर्यंत धुवून काढायला लावली, घरून जात्याचा खालचा दगड आणि लाकडी खुंटा आणवला, दगडावर दगड बसवला. डाळीसाठी लाखोरीचे दाणे ओंजळीओंजळीनं टाकले. "बस. भरड."

साऱ्या गावासमोर दुधरामकाका फतकल मारून बसले. खुंटा धरला. घरघर सुरू झाली. थोड्याच वेळात ते धापा टाकायला लागले, दंड भरून आला, हाताची साल निघाली.

"थांबू नको," कुंदाबाई म्हणाली. "जिले टोनही म्हणून हाकलत होता, तिच्या घरची दाळ आहे ती. आज रात्री सारी समिती माझ्याच घरी हीच दाळ खाईल. आणि तुमी सारे जण पाहून घ्या नीट. दगड हातानं फिरते. कोणी म्हणलं आपल्या मनानं फिरते, तं पाया पडायच्या पहिले तो उचलून पाहा, खाली काय आहे."