‘नेहमीप्रमाणे’ गट

कॅन्सरच्या रुग्णांना माहिती नीट कशी द्यावी, यावर त्या हॉस्पिटलात संशोधन सुरू होतं. त्यासाठी निम्म्या रुग्णांना माहिती द्यायची नाही असं ठरलं होतं. हसू नका, शास्त्र असंच चालतं. निम्म्यांना द्यायचं, निम्म्यांना नाही, आणि शेवटी कोण शहाणं झालं ते बघायचं. कोणी कुठल्या गटात जायचं, ते कॉम्प्युटर ठरवणार. माझ्या थोरल्या बहिणीच्या वाट्याला ‘नेहमीप्रमाणे’ गट आला.

“नेहमीप्रमाणे म्हणजे काय देणार?” मी विचारलं.

संशोधन करणारी मुलगी प्रामाणिक होती. “विशेष काही नाही, काका.”

ताई बसस्थानकावर घोषणा करायची. तिच्या आवाजावर अख्खं शहर गाड्या पकडायचं. तो आवाज गेल्या वर्षी बसला, तो उठलाच नाही. गळ्यात गाठ निघाली. औषधाच्या फेऱ्या संपल्या की येणाऱ्या सोमवारी सर्जन ठरवणार होते, स्वरयंत्र काढायचं की ते ठेवून नुसते किरण द्यायचे. ताईचा प्रश्न एकच होता. काढलं तर मी बोलणार की नाही?

सर्जन म्हणाले, “आवाजात थोडा फरक पडेल.”

तिचा मुलगा म्हणाला, “आई, तू कशाला डोकं शिणवतेस? डॉक्टर बघतील ना.”

मी म्हणालो, “होईल गं सगळं ठीक.”

“छोटू,” ताई घोगऱ्या आवाजात म्हणाली. मी सहासष्ट वर्षांचा आहे, पण ते असो. “गाडी कुठं जाते असं विचारणाऱ्याला ‘बसा हो, पोचाल कुठंतरी’ असं मी कधी सांगितलं का?”

सलाइनच्या हॉलमध्ये तिच्या शेजारच्या खुर्चीत टेलरमास्तर असायचे. त्यांचाही गळाच. दोघांचेही आवाज इतके बसलेले की ते कुजबुजतायत की भांडतायत हे कळायचं नाही. मास्तर ‘माहिती’ गटात होते. त्यांना एक स्क्रीन आणि हेडफोन मिळायचा. मास्तर फिल्म बघत, मान डोलावत, आणि ताईने विचारलं की अळीमिळी गुपचिळी.

एकदा त्यांच्या तोंडून निसटलं, “अरे वा!”

“काय अरे वा?”

“सांगता यायचं नाही, ताई. सही केलीय. शब्द दिलाय.”

“शब्द? मंगळवारी ब्लाउज देतो म्हणून किती बायकांना शब्द दिलात आयुष्यभर? तेव्हा तो मोडताना काही वाटलं नाही?”

घाव वर्मी बसला. मास्तरांनी डावीकडे बघितलं, उजवीकडे बघितलं आणि हेडफोनची वायर उपटली.

फिल्मचा आवाज हॉलभर झाला. पडद्यावर एक गृहस्थ होते. गळ्याला भोक. त्यावर त्यांनी बोट दाबलं आणि ते चक्क बोलू लागले. आवाज गंजलेल्या बिजागरीसारखा, पण शब्द न् शब्द स्वच्छ. स्वरयंत्र काढलं, आत छोटी झडप बसवली, बोलायला शिकायला दोन महिने लागले, शिंक आली की रुमाल नाकाऐवजी गळ्याला लावावा लागतो. “बायको म्हणते, मधले दोन महिनेच सुखाचे गेले.”

ताईने फिल्म पुन्हा लावायला लावली. मग पुन्हा. मला तिच्याकडे बघवेना, म्हणून मी सलाइनच्या थेंबांकडे बघत बसलो.

तेवढ्यात ती मुलगी धावत आली. “मावशी, असं करू नका ना! दोन्ही गटांना सगळं कळलं तर फरकच दिसणार नाही. मग फिल्मचा उपयोग नाही असं ठरेल आणि त्या बंद होतील!”

तिचं चुकत नव्हतं. मास्तर वायर परत खुपसायला लागले.

“थांबा, मास्तर,” ताई म्हणाली. “पोरी, तू लिही की ‘नेहमीप्रमाणे’ गटानं फिल्म चोरली. निरुपयोगी वस्तू कोणी चोरतं का?”

“असं लिहायला रकाना नाहीये, मावशी.”

“मग आख एक.”

आणि सलाइनचा स्टँड धरून ताई उभी राहिली आणि त्या बसक्या आवाजातच तिने घोषणा केली. “लक्ष द्या! ज्यांच्याकडे हेडफोन आहेत त्यांनी ते काढावेत. ज्यांच्याकडे नाहीत त्यांनी खुर्च्या सरकवून घ्याव्यात. गैरसोयीबद्दल आम्ही अजिबात दिलगीर नाही.”

हॉलभर स्टँडची चाकं करकरली. मुलगी खिडकीबाहेर बघत राहिली. बाहेर बघण्यासारखं काहीही नव्हतं.

सोमवारी सर्जननी “बघू या” एवढं म्हटलं आणि ताईने भोक, झडप, बोट, रुमाल सगळं विचारलं.

“हे कोणी सांगितलं तुम्हाला?”

“नेहमीप्रमाणे, कोणी नाही.”

सर्जननी खुर्ची ओढली आणि प्रथमच बसून बोलले. काढलं तर गाठ मुळासकट जाण्याची आशा जास्त, हेही तेव्हाच कळलं. मुलगा मधे बोलायला लागला, तर ताईने त्याला हातानेच गप्प केलं. “काढा,” ती म्हणाली. “पण झडप बसवणार, हे आत्ता माझ्यादेखत कबूल करा.” त्यांनी केलं.

तो प्रयोग बाद झाला. मुलीने नवा मांडला. नवे रुग्ण, नवे गट आणि या खेपेला भिंतीवर पाटी: ‘रुग्णांनी आपापसात उपचारांबद्दल बोलू नये.’

ऑपरेशन झालं, ताई आता रुग्ण नाही. तरी ती जाते, ‘नेहमीप्रमाणे’ गटाच्या मधोमध बसते, आणि कोणी घाबरलेलं दिसलं की गळ्यावर बोट ठेवते. परवा नव्या वॉर्डबॉयने तिला पाटी दाखवली.

“मी कुठं बोलतेय?” ताई म्हणाली. “माझं स्वरयंत्र तुमच्याच हॉस्पिटलनं काढून घेतलंय. विचार जा.”