न उमटलेला शिक्का

मित्रांनो, भोपाळच्या कोलार रोडवरच्या काशिनाथकाकांच्या झेरॉक्सच्या दुकानात कधी आलात, तर मान वर करून माळ्याकडे बघा. जुन्या कॅलेंडरांच्या गठ्ठ्याशेजारी एक पिवळट खोके दिसेल. ते मीच. मी एक जुने लॅमिनेशन मशीन आहे. माझ्यात काडीचाही बिघाड नाही, हे आधीच सांगून ठेवते. तरी मी माळ्यावर आहे आणि का आहे, तेच तुम्हाला सांगायचे आहे.

माझ्या पोटात चार रबरी रूळ आहेत. बटण दाबले की आधी लाल दिवा लागतो, मी तापते आणि मग हिरवा लागतो. प्लॅस्टिकच्या पाकिटात कागद घालून एका बाजूने सरकवला की दुसऱ्या बाजूने तो कडक आणि चकचकीत होऊन बाहेर येतो. लोक तो गरम असतानाच हातात घेत आणि खूश होत. रेशनकार्डे, गुणपत्रिका, परीक्षेची प्रवेशपत्रे, गणपतीचे फोटो, सगळे माझ्यातून गेले. त्या दिवसांत माझे नाक जरा वरच असे.

काकांना कागदाची फार काळजी. त्यांचे वडील सरकारी कचेरीबरोबर नागपूरहून भोपाळला आले. त्यांच्या नोकरीचे कागद पुढे वाळवीने खाल्ले आणि पेन्शनसाठी म्हाताऱ्याला दारोदार फिरावे लागले. तेव्हापासून कुणाचा फाटका कागद दिसला की काकांचा जीव कासावीस होई.

अवधपुरीतले हवालदार शैलेंद्र इंगोले सुट्टीवर आले की दुकानात येत. फौजेत ते पूल बांधणाऱ्या तुकडीत होते. एकदा मुलीने काढलेला पुलाचा नकाशा घेऊन आले. म्हणाले, "काका, हा पक्का करून द्या. संपदा म्हणते, बाबांचे पूल तात्पुरते असतात, मी कायमचे बांधीन." आणि खळखळून हसले.

संपदा आठवीत असताना, थंडीत, ते तिरंग्यात गुंडाळून घरी आले.

अंत्ययात्रेला रस्ता माणसांनी फुलून गेला होता. संपदाच्या शाळेने मोठी सभा घेतली. संचालकांनी माईकवरून जाहीर केले, की या मुलीच्या बारावीपर्यंतच्या शिक्षणाची जबाबदारी शाळेची. टाळ्या पडल्या. दुसऱ्या दिवशी शाळेचा शिपाई शैलेंद्र यांचा मोठा फोटो माझ्याकडे घेऊन आला. मी तो मन लावून केला आणि तो शाळेच्या पोर्चमध्ये लागला.

जबाबदारी शाळेची म्हणजे कुणाची, ते पुढे कळले. शहिदांच्या मुलांसाठी सरकारी मदत असते. ती एका कार्यालयातून शाळेकडे जाई आणि तिच्यावरच शाळेचे औदार्य चालले होते. दर जुलैत संपदाच्या आईने, विनिताताईंनी, फौजेने दिलेला मृत्यूचा मूळ दाखला घेऊन तिथे जायचे. बाबू तो उलटा करून मागे त्या वर्षाचा शिक्का मारी. नवरा यंदाही गेलेलाच आहे, याची अशी दरवर्षी खात्री करून घेतली जाई.

दोन शिक्के झाले. घड्या घालून घालून कागद मधोमध उसवला. त्या झेरॉक्स काढायला आल्या तेव्हा काकांना राहवले नाही.

"विनिताताई, हा कागद आता फार दिवस तग धरायचा नाही. द्या इकडे, पक्का करतो."

"ओरिजनल आहे, काका. काही होणार नाही ना?"

"होऊ नये म्हणूनच तर."

काकांनी कापसाने माझे रूळ पुसले. हिरवा दिवा लागल्यावरही मिनिटभर थांबले. कागद बाहेर आला तेव्हा त्यावर एकही बुडबुडा नव्हता. आयुष्यात इतके सुबक काम मी केले नव्हते. विनिताताईंनी तो कपाळाला लावला. काकांनी पैसे घेतले नाहीत. मला तर गगन ठेंगणे झाले होते. आज ते आठवले की माझीच मला लाज वाटते.

संपदा अकरावीत गेली. तिने सायन्स घेतले होते, कारण पूल डोक्यातून गेलेला नव्हता. जुलैत विनिताताई कार्यालयात गेल्या. बाबूने दाखला उलटा केला आणि शिक्का मारला. तो उमटलाच नाही. बोट लागताच निळी शाई प्लॅस्टिकवर फरफटली.

"मैडम, लेमिनेशन क्यों करवा लिया? इस पर सील नहीं लगती."

"सर, पीछे आपकी ही दो सील हैं. साफ दिख रही हैं."

"दिख रही हैं. तीसरी कहाँ लगाऊँ? रिकॉर्ड ऑफिस से दूसरी कॉपी मँगवाइए."

हे सगळे विनिताताईंनी दुकानात येऊन सांगितले. दुसऱ्या कागदावर शिक्का मारता आला नसता का, असे तुम्हाला वाटेल. काका दुसऱ्या दिवशी स्वतः जाऊन तेच विचारून आले. तसा नियम नाही, असे उत्तर मिळाले. माणूस गेला हे सगळ्यांना ठाऊक होते. पोर्चमधल्या फोटोला रोज हार पडत होता. अडले होते ते शाईसाठी.

मग काकांनी ब्लेड घेतले. एका कोपऱ्यातून प्लॅस्टिक हळूहळू उचलू लागले, पण प्लॅस्टिकबरोबर अक्षरेही उचलली गेली. 'कर्तव्य बजावताना' एवढे शब्द कागद सोडून माझ्या प्लॅस्टिकला चिकटले. आईबरोबर आलेल्या संपदाने त्यांचा हात धरला.

"राहू द्या काका. तुम्ही चांगल्यासाठीच केलं होतं."

तिने दोष दिला असता तर बरे झाले असते.

फौजेच्या रेकॉर्ड ऑफिसकडून दुसरी प्रत मागवली. विनिताताईंनी अर्जावर अर्ज केले. शाळेने महिनाभर वाट पाहिली, मग फी मागितली. संचालकांनी खुर्ची देऊन, चहा पाजून सांगितले, की संस्थेला आपल्याबद्दल अतिशय आदर आहे, पण हिशेब तपासणारे ऐकत नाहीत. सप्टेंबरात संपदाच्या हातात शाळा सोडल्याचा दाखला आला. दुसऱ्या शाळेत तोवर सायन्सच्या जागा भरल्या होत्या. तिथे तिला आर्ट्स मिळाले.

जानेवारीत ती नव्या शाळेचा फॉर्म झेरॉक्स करायला दुकानात आली होती. मी तापत होते. तेवढ्यात जुन्या शाळेचा शिपाई आला. त्याच्या हातात शैलेंद्र यांचा फोटो होता. कडा सुटून आत पाणी गेले होते आणि गालावर मोठा डाग पडला होता.

"काका, नया कर दीजिए. छब्बीस जनवरी को मंत्रीजी आ रहे हैं." मग त्याने संपदाला पाहिले. "अरे बेटा, तुम लोगों को भी बुलाया है. सर ने कहा है, यूनिफॉर्म अपने स्कूलवाली ही पहनना, पुरानी."

संपदा फोटोकडे बघत राहिली. "भैया, ये फोटो मुझे दे दीजिए."

"कैसे दूँ, बेटा? रजिस्टर में चढ़ा है. स्कूल का है."

फॉर्म घेऊन ती दुकानाबाहेर पडली.

काका म्हणाले, "मशीन खराब है."

"लाल बत्ती तो जल रही है."

काकांनी वाकून माझी पिन ओढली. "अब नहीं जल रही."

त्या संध्याकाळी त्यांनी मला माळ्यावर ठेवले. शिपायाने फोटो दुसरीकडून करून घेतला. दाखल्याची दुसरी प्रत फेब्रुवारीत आली. तिच्यावर शिक्का अगदी ठळक उमटला, पण तोवर सायन्सचे वर्ष गेले होते.

मित्रांनो, कागदांची काळजी घ्या, पण मूळ कागदाला माझ्यासारख्या मशीनमध्ये घालण्याआधी चारदा विचार करा. आणि आणखी एक मागणे आहे. तुमच्या शाळेच्या पोर्चमध्ये असा एखादा हार घातलेला फोटो दिसला, तर नमस्कार जरूर करा. मग तसेच आत ऑफिसात जा आणि विचारा, यांची मुलगी कोणत्या वर्गात आहे?