तुऱ्याचा पालक

शी! अजून जिभेवरनं ती चव जात न्हाय. कडूजार, वर ती पिवळी भुकटी घशाला चिकटलेली. अन् रोज समोर सासूबाई, तारामती, मांडी घालून बसलेल्या. "गीळ, दिव्या. पोटातल्यासाठी गीळ."

मी पोटुशी हाय. पहिली रक्षा, आता बालवाडीत जाती. निपाणीच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, रक्त लई कमी हाय, असंच राहिलं तर बाळंतपणात तुझं काय खरं न्हाय, पालेभाजी भरपूर खा. एवढंच. नर-मादी त्यांनी काढली नव्हती. ती काढली आमच्या ह्यांनी, अभिनंदननं. मोबाईलवर कसला तरी व्हिडिओ बघितला म्हणे. विलायती पालकात नराचं रोप वेगळं, मादीचं वेगळं. नरात लोह जास्त, अन् खाणारीला मुलगाच!

झालं. परसात तोच पालक होता. तुऱ्याशिवाय नर-मादी कळत न्हाय, म्हणून तुरा यायची वाट बघितली. तुरा आला अन् नराची रोपं म्हणजे नुसते दांडे, पानं कुठायत? हात लावला की पिवळी धूळ. मादीची मात्र खाली भरगच्च, हिरवीगार. ती रोज टोपलीभर म्हशीपुढं.

"आई, ती पानं चांगली हायत की," मी म्हटलं.

"ती पोरींची. म्हशीला जाऊ देत."

आम्ही जैन, आमच्यात दिवस मावळायच्या आत जेवण. म्हणून सासूबाई दुपारीच चष्मा लावून निवडायला बसतात. एकेक पान उजेडात धरतात. मव्याचा किडा दिसला की कापसानं अलगद उचलून जास्वंदीवर सोडतात. "जीव हाय गं त्यो, मरता कामा नये." आणि माझ्या पोटात मुलगी असली तर? ती कोण? किळस आली मला त्या कापसाच्या बोळ्याची. एकदा ताटातच ओकले, तर हे म्हणाले, "नाटकं करू नको." पुन्हा वाढलं.

काल जेवायच्या वेळेला रक्षा दिसेना. हाका मारत गोठ्यात गेले तर पोरगी गव्हाणीपाशी उकिडवी बसलेली. म्हशीच्या लाळेनं लडबडलेली पानं तोंडात कोंबत होती.

"अगं ए! थू! थुंक आधी!"

"आज्जी म्हणाली हे पोरींचं," ती चावत चावतच बोलली. "मी पोरगीच की गं, आई."

तिच्या मुठीतली पानं मी काढून टाकली.

पोरीचं तोंड धुतलं. परसातनं मादीची पानं खुडली, जिऱ्याची फोडणी दिली. दोन ताटं वाढली, एक रक्षाचं, एक माझं. माझ्यासाठी केलेली तुऱ्याची भाजी आई अन् लेकाच्या ताटात घातली. दिवस मावळत आलेला. दुसरं काही करायला वेळ उरला नव्हता.

"हे काय गं?" सासूबाईंनी ताट सरकवलं.

"नराचा पाला, आई. लोह लई असतंय. खावा."

ह्यांनी रागारागानं मोठा घास घेतला. लगेच तोंड वेडंवाकडं झालं, हात तोंडाशी गेला. "शी! विष हाय का काय हे!"

"थुंकू नका," मी म्हटलं. "गिळा."

अन् मी माझी भाजी दुसऱ्यांदा वाढून घेतली.