थोरलीचे वरचे दोन दात

थोरलीचे वरचे दोन दात पडले, पण हातातला डबा मात्र शाबूत राहिला. बोटींच्या धक्क्यावरची पायरी ओली होती, पाय सटकला, आणि जन्मभर घर सांभाळलेल्या बाईने जे करावं तेच तिने केलं. डबा उंच धरला आणि तोंड खाली पडू दिलं. दवाखान्यात रक्ताचा बोळा तोंडात धरून ती म्हणे सांगत होती, “भाजी नाही सांडली.” तिचे यजमान, म्हणजे भाऊजी, ही हकिकत येणाऱ्या-जाणाऱ्याला रंगवून ऐकवत. सगळे हसत. थोरलीही हसे, पण तोंडावर पदर नाहीतर हात धरून. हसतील त्यांचे दात दिसतील म्हणतात. तिचे दिसण्यासारखे उरलेच नव्हते.

धाकटी ही तिची पाठची बहीण. वय बावन्न, तरी घरादाराची धाकटीच. ती दात बनवायची. डॉक्टर तोंडाच्या आत काम करत, ही तोंडाच्या बाहेर. गल्लीच्या टोकाला, दुसऱ्या मजल्यावर, उत्तरेच्या खिडकीशी तिचं टेबल होतं. डॉक्टरांकडून साचे यायचे, साच्यांवरून प्लास्टरचे जबडे व्हायचे, आणि त्या जबड्यांतल्या रिकाम्या जागी धाकटी एकेक दात उभा करायची. चिनी मातीची बारीक पूड पाण्यात कालवायची, कुंचल्याच्या टोकाने थेंबाथेंबाने चढवायची, भट्टीत भाजायची. पुन्हा चढवायची, पुन्हा भाजायची. कुणी शिकवलं नव्हतं. फरशी पुसायला म्हणून लागली होती, पुसता पुसता बघत गेली, आणि एके दिवशी मालकाच्या लक्षात आलं की बाईचा हात आपल्यापेक्षा बरा आहे. तीस वर्षं झाली त्याला.

थोरलीचं काम आवाजाचं. धक्क्याच्या इमारतीत काचेमागे बसून ती बोटींच्या सूचना द्यायची. त्या शहरावर वर्षातले कितीतरी दिवस धुकं उतरायचं. वेळापत्रकाचा फलक, पाणी, समोर उभी असलेली बोट, सगळं पुसलं जायचं. मग माणसं आवाजाच्या मागे चालायची. “पैलतीराला जाणारी सव्वासातची बोट सहा नंबरच्या धक्क्यावरून सुटेल.” ते ऐकलं की जो तो पिशवी उचलायचा.

दात पडले आणि त्या वाक्यातला प्रत्येक ‘स’ सायकलच्या पंक्चरसारखा फुसकन निघून जाऊ लागला. तात्पुरती कवळी दिली होती, पण ती बोलताना टकटक वाजे. साहेबांनी तिला पार्सलच्या खिडकीवर बसवलं आणि माइकच्या जागी मशीन लावलं. मशीनचा आवाज गोड होता. बोट निघून गेली तरी ती सुटणार आहे असं तो तेवढ्याच गोडीने सांगायचा.

“दात बसवा,” साहेब म्हणाले, “आणि त्यानंतरच्या पहिल्या तारखेला माइकवर बोलून दाखवा. जमलं तर खुर्ची तुमची. नाहीतर मशीन आहेच.”

डॉक्टरांनी जबड्याच्या हाडात धातूचे दोन बारीक स्क्रू बसवले. आता हाडाने त्यांना आपलं म्हणेपर्यंत थांबायचं. चार महिने. त्यानंतर त्या स्क्रूंवर धाकटीने बनवलेले दात चढायचे.

ते चार महिने धाकटीच्या डोक्यात काहीतरी सारखं हळू चालत राहिलं. कुंचला धुताना, जिना उतरताना तिला वाटे, आत्ता, या क्षणाला, ताईच्या ओठामागे हाड वाढतंय. आवाज नाही, घाई नाही. रात्रीतून खिडकीच्या काचेवर वाफ धरावी तसं.

“आत काही कळतं का गं?” ती विचारायची.

“काय कळायचंय? दोन भाडेकरू आलेत. गप्प असतात.”

“तुझ्या घरात कुणीतरी गप्प आहे म्हणायचं,” भाऊजी म्हणाले. “मला तर चार महिने झोप चांगली लागतेय.”

“लागू दे. पहिल्या तारखेपासून उठवते.”

हाडाने स्क्रू धरले. साचा धाकटीच्या टेबलावर आला. तो आणून देताना थोरली एवढंच बोलली, “हे बघ, मला सुंदर नको करूस. मला बोलती कर. त्या पार्सलच्या खिडकीवर मी मुकी होऊन मरेन.”

“गप गं. काहीतरीच.”

आठ दिवस धाकटीने दुसऱ्या कामाला हात लावला नाही. खिडकीबाहेर धुकं असायचं, आणि त्या उजेडात टेबल, भट्टी, तिचे स्वतःचे हात, सगळं दुधात ठेवल्यासारखं दिसायचं. कुंचला आपोआप चालत होता. दाताच्या कडेला पहाटेच्या पाण्यासारखी निळसर झाक आली. खाली तीन नाजूक लाटा उमटल्या, नव्या दाताला असतात तशा. मध्येच कानात ताईचा जुना आवाज यायचा. धाकटीला लहानपणी अक्षरं लागत नसत. ताई पलंगावर पाय हलवत तिला तिचे धडे वाचून दाखवायची. धाकटी पुस्तकाकडे कधी बघायचीच नाही. ती ताईच्या तोंडाकडे बघायची. शब्द त्या दोन दातांआडून निघताना दिसायचे.

तिच्या हाताखाली शिकायला येणाऱ्यांना ती पहिल्या दिवशी एक गोष्ट बजावायची. आधी शेजारी बघा, दात एकटा राहत नाही. या आठ दिवसांत तिने स्वतः शेजारी पाहिले नाहीत. तिला त्यांची गरजच वाटली नाही. हे दात तिला पाठ होते.

झिलई चढवण्याआधी दात एकदा तोंडात लावून बघतात. डॉक्टरांनी ते स्क्रूंवर हलक्या हाताने आवळले आणि म्हणाले, “एकसष्टपासून मोजा.” ‘स’ तपासायला याच्याइतकी सोपी युक्ती नाही.

“एकशष्ट,” थोरली म्हणाली. “बाशष्ट. त्रेशष्ट.”

ती थांबली. खालचे दात वरच्यांना अडत होते. जीभ अनोळखी घरात दिवा शोधावा तशी चाचपडत होती.

डॉक्टर वाकून बराच वेळ पाहत राहिले. मग धाकटीकडे वळले. “बाई, इतकं देखणं काम मी पाहिलेलं नाही. पण हे दात एकोणीस वर्षांच्या मुलीचे आहेत. आजूबाजूचे छप्पन्नचे आहेत. झिजलेत बिचारे.”

धाकटीचे कान गरम झाले. तिने खुर्चीजवळ जाऊन पाहिलं. शेजारचे दात थकून एका बाजूला उतरलेले, पिवळसर, आणि मधोमध दोघी नवऱ्या मुली उभ्या.

“आरशा द्या,” थोरली म्हणाली.

ती पाहत राहिली. ओठ जरा वर करून, मग मिटून, मग पुन्हा. किती दिवसांनी तिने तोंडावर हात घेतला नव्हता. “अगंबाई,” ती हळूच म्हणाली, “ही कुठे होती इतकी वर्षं?”



“राहू दे की अशेच,” थोरली आरशालाच म्हणाली. “पार्शलवर बशेन मी. तिथे बोलायचं काय, वजन शांगायचं.”

हो म्हणणं धाकटीच्या ओठांवर आलं होतं. तिच्याइतकं ‘हो’ म्हणायचं कुणाला नव्हतं. आरशातली ती मुलगी आता उठेल, पलंगावर बसेल, पाय हलवत वाचू लागेल असं तिला खरंच वाटलं. पण वाचणार कशी? बाशष्ट, त्रेशष्ट. ही मुलगी दिसत होती ताईसारखी आणि बोलत होती भलतीच कुणीतरी.

“ताई, आरसा ठेव,” ती म्हणाली. “डॉक्टर, पेन्सिल द्या. आणि ते घासायचं मशीन.”

दात काढायचे, कडेवर पेन्सिलची रेघ मारायची, केसभर घासायचं, पुन्हा बसवायचे. पहिल्यांदा तीन लाटा गेल्या. मग निळी झाक अर्धी गेली. पांढरी भुकटी धाकटीच्या बोटांवर, मनगटावर बसत होती. थोरली डोळे मिटून मोजत होती, देवळाच्या पायऱ्या मोजाव्यात तशी. त्रेसष्टला पुन्हा अडलं. आणखी केसभर. उजवा दात डाव्याहून किंचित जास्त उतरवला, कारण शेजारी तसाच झिजला होता. धाकटीने आता शेजाऱ्यांवरून नजर काढली नाही.

“चौसष्ट. पासष्ट. सहासष्ट. सदुसष्ट.”

डॉक्टरांनी मान हलवली. थोरली थांबेना. अडुसष्ट, एकोणसत्तर, सत्तर, अशी ती मोजतच राहिली, नव्वदच्या पुढे जाऊन मग तिने डोळे उघडले आणि आरसा मागितला.

“हं,” ती म्हणाली. “मीच आहे.” जरा वेळाने म्हणाली, “गेली वाटतं ती.”

“गेली,” धाकटी म्हणाली.

“बरं झालं. पहाटेच्या बोटीला ती काही उठली नसती.”

धाकटीने दात टेबलाशी परत आणले, शेजाऱ्यांचा पिवळसरपणा दिला, एकावर बारीकसा तडाही रंगवला, झिलई चढवून शेवटचं भाजलं. दोन दिवसांनी डॉक्टरांनी ते घट्ट बसवले.

पहिल्या तारखेला धुकं इतकं होतं की धक्क्याच्या हॉलमधले दिवे नुसते पिवळे डाग दिसत होते. धाकटी मागच्या बाकावर बसली. काचेमागे साहेबांची उभी सावली होती, शेजारी बसलेली एक सावली होती. माणसं पिशव्या मांडीवर घेऊन पेंगत होती. माइक खरखरला.

“पैलतीराला जाणारी सव्वासातची बोट सहा नंबरच्या धक्क्यावरून सुटेल.”

कुणी वर पाहिलं नाही. कुणी कुणाला काही विचारलंही नाही. एका बाईने मूल खांद्यावर घेतलं, एका म्हाताऱ्याने काठी शोधली, आणि हळूहळू सगळा हॉल उठून धुक्यात चालू लागला. धाकटीला कुठेच जायचं नव्हतं. तरी तीही उठली, आणि त्यांच्या मागोमाग सहा नंबरच्या धक्क्यापर्यंत चालत गेली.